इराणचे आखात की अरबी आखात? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्याच्या टपालात एकाच समुद्राबद्दल अनेक पत्रे आली आहेत. नाशिक जिल्ह्यातून कांदा, द्राक्षे आणि नोकरीसाठी निघालेली माणसे ज्या किनाऱ्यांवर जातात, त्या किनाऱ्यांमधल्या पाण्याला नेमके काय म्हणावे, असे बहुतेकांनी विचारले आहे. म्हणून इतर विषय पुढील अंकासाठी राखून हे संपूर्ण सदर त्याच समुद्राला दिले आहे.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात अरबी समुद्र, ओमानचे आखात, इराणचे आखात आणि अरबी आखात अशी चार नावे येतात आणि गोंधळ उडतो. यांतील वेगळे काय आणि एकच काय? (एक विद्यार्थिनी, पंचवटी)

उत्तर : पहिले तीन जलभाग वेगवेगळे आहेत, आणि चौथे नाव हे तिसऱ्याच जलभागाचे दुसरे, वादात सापडलेले नाव आहे. न्हावा शेवाहून दुबईकडे निघालेल्या जहाजाचा मार्ग नकाशावर बोटाने गिरवला, तर हा क्रम कायमचा लक्षात राहील. जहाज आधी अरबी समुद्र ओलांडते. त्याच्या वायव्य कोपऱ्यातून ते ओमानच्या आखातात शिरते. येथे डावीकडे ओमान व संयुक्त अरब अमिरातीचा पूर्व किनारा आणि उजवीकडे इराणचा मकरान किनारा असतो. पुढे अरबस्तानाचे टोक, म्हणजे मुसंदम द्वीपकल्प, इराणच्या दिशेने पुढे आलेले आहे. त्याला वळसा घालणारा चिंचोळा जलमार्ग म्हणजे होर्मुझची सामुद्रधुनी. ती ओलांडल्यावर जो जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेला समुद्र लागतो, त्यालाच आपण इराणचे किंवा पर्शियन आखात म्हणतो आणि अरब देश अरबी आखात म्हणतात. इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया, बहरीन, कतार, संयुक्त अरब अमिराती आणि मुसंदममुळे ओमान, असे आठ देश त्याच्या काठावर आहेत.

या समुद्राची लांबी सुमारे ९९० किलोमीटर आहे आणि क्षेत्रफळ सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहूनही कमी. खोलीचा आकडा त्याहून बोलका आहे. ओमानच्या आखातात तळ ३,००० मीटरांहून खाली जातो, तर या आखाताची सरासरी खोली ३५ मीटरांच्या आसपास आणि कमाल खोली साधारण ९० मीटर एवढीच आहे. आपल्या गंगापूर धरणाची भिंत या समुद्राच्या तळावर उभी केली, तर बऱ्याच ठिकाणी तिचा माथा पाण्याच्या वर राहील. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा हा सारा प्रदेश कोरडा होता आणि तैग्रिस-युफ्रेटिसचे पाणी त्यातून वाहत थेट ओमानच्या आखाताला मिळत असे. बर्फ वितळल्यावर समुद्र आत शिरला आणि आजचा किनारा अवघ्या सहा-सात हजार वर्षांपूर्वी तयार झाला. ज्या समुद्राच्या नावावरून एवढे वादंग माजते, तो माणसाच्या स्मृतीहून फारसा जुना नाही, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

तळाचा आकारही सारखा नाही. अरबस्तानाचा भूपट्ट ईशान्येकडे सरकत युरेशियाच्या भूपट्टाला भिडतो. त्या दाबाने इराणच्या बाजूला झॅग्रोस पर्वत उंचावला आणि त्याच्या पायथ्याशी जमीन खचून हे खोरे निर्माण झाले. त्यामुळे खोल पाणी इराणी किनाऱ्यालगत आहे, तर अरबी किनारा दूरवर उथळ, वाळूचा आणि प्रवाळांचा आहे. तैग्रिस आणि युफ्रेटिस एकत्र येऊन होणारी शत-अल-अरब ही येथे येणारी सर्वांत मोठी नदी. परंतु नद्यांतून व पावसातून जेवढे गोडे पाणी मिळते, त्याच्या कित्येक पट पाण्याची उन्हाने वाफ होते. म्हणून येथील पाणी मोकळ्या महासागरापेक्षा स्पष्टपणे अधिक खारट आहे. ते जड, खारट पाणी तळाशी बसून होर्मुझमधून बाहेर वाहते आणि त्याची जागा घेण्यासाठी त्या मानाने कमी खारट पाणी वरच्या थरातून आत येते. सामुद्रधुनीतून तेलवाहू जहाजांची ये-जा आपण बातम्यांत पाहतो. पाण्याची ही ये-जा त्याच दारातून अखंड चालू असते.

प्रश्न : शाळेच्या भिंतीवरील नकाशात इराणचे आखात असे लिहिलेले आहे. दुबईहून परतलेली एक विद्यार्थिनी अरबी आखात हेच नाव खरे असल्याचे सांगते, आणि मोबाइलवरील नकाशात एका नावापुढे कंसात दुसरे दिसते. वर्गात काय सांगावे? (एक शिक्षिका, नाशिक रोड)

उत्तर : वर्गात इराणचे आखात किंवा पर्शियन आखात हेच नाव सांगावे, आणि अरब देशांत त्याला अरबी आखात म्हणतात हेही त्याच तासाला सांगावे. त्या मुलीला तू चुकलीस असे मात्र सांगू नये, कारण ती ज्या देशात शिकली त्या देशाचे अधिकृत नाव तिने सांगितले आहे. दोन्ही नावांना एकाच पारड्यात का तोलता येत नाही, याची कारणे जरा विस्ताराने देतो.

पहिले कारण नावाच्या वयाचे आहे. सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याने इ. स. पूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखापासून या आखातापर्यंत ताफा नेला. त्या प्रवासाचा वृत्तांत आपल्याला एरियन या ग्रीक लेखकामुळे वाचायला मिळतो. ग्रीक आणि रोमन भूगोलकार या पाण्याला पर्शियाचे नाव देत, आणि 'अरबी आखात' हे नाव ते लाल समुद्रासाठी वापरत. याहून वजनदार पुरावा खुद्द अरबी भाषेतला आहे. दहाव्या शतकातील इस्तखरी, इब्न हौकल आणि मसूदी या भूगोलकारांच्या अरबी लेखनात 'बहर फारिस', म्हणजे फारसचा समुद्र, असाच उल्लेख येतो. नंतर उस्मानी तुर्कांनी बसरा या बंदरावरून त्याला बसऱ्याचे आखात म्हटले आणि तुर्की भाषेत ते नाव आजही चालते. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे, तर मुंबई सरकारने १८५६ मध्ये आपल्या दप्तरातील निवडक कागदपत्रांचा जो चोविसावा खंड छापला, तो ओमान, मस्कत, बहरीन आणि 'पर्शियन आखातातील' इतर ठिकाणांविषयी आहे. इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर येथील ब्रिटिश रेसिडेन्सी, म्हणजे ब्रिटिश प्रतिनिधीची कचेरी, १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत असल्यामुळे या किनाऱ्यांचा कारभार तेव्हा मुंबईच्या फायलींत चालत असे.

दुसरे कारण आंतरराष्ट्रीय प्रघाताचे आहे. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या महासागर व समुद्रांच्या सीमा ठरवणाऱ्या १९५३ च्या प्रकाशनात या समुद्राची नोंद 'इराणचे आखात' अशी असून कंसात 'पर्शियन आखात' दिले आहे. म्हणजे आपल्या भिंतीवरचा नकाशा त्या नोंदीशी शब्दशः जुळतो. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाने १९९४ आणि १९९९ मधील संपादकीय सूचनांत आपल्या दस्तऐवजांसाठी 'पर्शियन आखात' हेच प्रमाण नाव ठरवले आहे. अमेरिकेच्या भौगोलिक नावांच्या मंडळाने १९१७ पासून हेच नाव मान्य केले आहे, जरी त्याच देशाचे नौदल अरब यजमानांचा मान राखून 'अरबी आखात' असे म्हणत आले असले तरी.

मग दुसरे नाव आले कोठून? तुरळक उल्लेख आधीही होते, पण राजकीय बळ त्याला १९५० आणि १९६० च्या दशकांत मिळाले. इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासर यांच्या नेतृत्वाखाली अरब राष्ट्रवादाची लाट उसळली होती. इराणच्या शहांनी इस्रायलशी असलेले संबंध १९६० मध्ये उघडपणे मान्य केल्यावर इजिप्तने इराणशी संबंध तोडले, आणि समुद्राचे नाव हे त्या भांडणाचे एक हत्यार झाले. पुढे तेलाच्या पैशाने किनाऱ्यावरील अरब राज्ये समर्थ झाली, १९७१ मध्ये ब्रिटिश निघून गेले आणि नव्या राष्ट्रांनी आपल्या पाठ्यपुस्तकांत, कायद्यांत व कंपन्यांच्या नावांत 'अरबी आखात' रूढ केले. त्यांची बाजूही विचारात घेण्याजोगी आहे. काठावरच्या आठ देशांपैकी सात अरब आहेत, आणि इराणच्या खुझेस्तान प्रांतातही अरबी बोलणारी वस्ती आहे; तेव्हा एका शेजाऱ्याचेच नाव सर्वांनी का वागवावे, असे ते विचारतात. एकेका देशाचा विचार केला, तर सर्वांत लांब किनारा मात्र इराणचाच आहे.

या वादाची धग किती आहे हे काही घटनांवरून दिसते. नॅशनल जिऑग्राफिकने २००४ च्या नकाशासंग्रहात 'अरबी आखात' हे नाव कंसात घातले, तेव्हा इराणने त्या संस्थेच्या प्रकाशनांवर बंदी घातली. तेहरानमध्ये २०१० साली व्हायच्या इस्लामी ऐक्य क्रीडास्पर्धा पदकांवर 'पर्शियन आखात' असे कोरावे की नाही या मुद्द्यावरून रद्द झाल्या. गूगलच्या नकाशावर २०१२ मध्ये हा समुद्र बिननावाचा दिसला, तेव्हा इराणने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. बसरा येथे जानेवारी २०२३ मध्ये भरलेल्या फुटबॉल स्पर्धेच्या नावात इराकने 'अरबी आखात' वापरल्यावरून तेहरानमध्ये इराकच्या राजदूतांना बोलावून निषेध नोंदवण्यात आला. इराण ३० एप्रिल हा दिवस राष्ट्रीय पर्शियन आखात दिन म्हणून पाळतो. शाह अब्बास पहिला याच्या काळात १६२२ मध्ये पोर्तुगिजांना होर्मुझ बेटावरून हुसकावले गेले, त्याची ती आठवण आहे.

काही संस्था दोन्ही विशेषणे गाळून नुसते 'आखात' म्हणतात. अरब देशांनी मे १९८१ मध्ये स्थापन केलेल्या सहकार्य परिषदेच्या अधिकृत नावातही 'आखातातील अरब राज्ये' एवढेच शब्द आहेत, म्हणजे तेथे राज्ये अरब आहेत आणि आखाताला विशेषण नाही. बातमीत, बोलण्यात आणि राजनैतिक पत्रव्यवहारात ही युक्ती चालते. मराठीतही आपण 'आखाती देश' असे सहज म्हणतो. शाळेच्या नकाशावर मात्र ती चालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जगात मेक्सिकोपासून कच्छपर्यंत अनेक आखाते आहेत, आणि नकाशा पाहणाऱ्या मुलाला पूर्ण नाव मिळण्याचा हक्क आहे.

प्रश्न : नाव बदलले, तर समुद्राची मालकी किंवा जहाजांचे हक्क बदलतात का? बदलत नसतील, तर एवढा आटापिटा कशासाठी? (एक निवृत्त अधिकारी, देवळाली कॅम्प)

उत्तर : मालकी बदलत नाही. हिंदी महासागर भारताचा नाही आणि अरबी समुद्र अरबस्तानाचा नाही. समुद्रावरचे हक्क किनाऱ्यापासूनच्या अंतरावर आणि देशादेशांतील करारांवर ठरतात. या आखातात समुद्रतळाची वाटणी करणारे करार फार लवकर झाले, कारण तळाखाली तेल होते. सौदी अरेबिया आणि बहरीन यांनी १९५८ मध्ये, तर सौदी अरेबिया आणि इराण यांनी १९६८ मध्ये आपापल्या रेषा ठरवल्या. नावावरून कडवे भांडण चालू असतानाच्या काळात दुसरा करार झाला, हे येथे लक्षात घ्यावे.

खरी कसोटी होर्मुझच्या सामुद्रधुनीत लागते. सर्वांत अरुंद ठिकाणी ती ४० किलोमीटरांहूनही कमी रुंद आहे, त्यामुळे दोन्ही किनाऱ्यांपासून १२ सागरी मैलांचे (सुमारे २२ किलोमीटरांचे) प्रादेशिक समुद्र धरले, की इराण आणि ओमान यांच्यामध्ये मोकळा समुद्र उरतच नाही. जहाजांसाठी आत जाणारी एक आणि बाहेर येणारी एक अशा मार्गिका आखलेल्या आहेत. प्रत्येकीची रुंदी सुमारे दोन मैल आणि दोहोंच्या मध्ये तेवढाच मोकळा पट्टा. मुसंदमजवळ हा मार्ग ओमानच्या पाण्यातून जातो. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये या वाटेने दररोज सुमारे २ कोटी पिंपे तेल गेले, म्हणजे जगाच्या वापराच्या सुमारे एक पंचमांश. शिवाय जगात जहाजांनी जाणाऱ्या द्रवरूप नैसर्गिक वायूचाही सुमारे पाचवा हिस्सा, मुख्यतः कतारचा, येथूनच गेला. समुद्रविषयक १९८२ च्या आंतरराष्ट्रीय करारात अशा सामुद्रधुन्यांतून सर्व जहाजांना अविरत पारगमनाचा हक्क दिलेला आहे. इराणने त्या करारावर सही केली, पण त्याला अंतिम मान्यता दिली नाही, आणि तो हक्क केवळ करारात सामील असलेल्या देशांनाच मिळतो अशी त्याची भूमिका आहे. भारताचे स्वयंपाकाच्या गॅसचे आणि कच्च्या तेलाचे पुष्कळ जहाज याच दाराने येते, म्हणून या कायदेशीर मतभेदाची झळ आपल्या घरापर्यंत पोहोचू शकते. भारतीय नौदलाने जून २०१९ मध्ये आपल्या व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठी 'ऑपरेशन संकल्प' सुरू केले, ते याच परिसरात.

मालकीचा जो खरा वाद आहे तो बेटांचा आहे. ब्रिटिश माघारीच्या आदल्या दिवशी, ३० नोव्हेंबर १९७१ रोजी, इराणने सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेली मोठा तुंब आणि छोटा तुंब ही बेटे रास अल खैमा या अमिरातीकडून बळाने घेतली आणि शारजाशी झालेल्या समझोत्यानुसार अबू मुसावर सैन्य उतरवले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २ डिसेंबर रोजी, संयुक्त अरब अमिराती हा देश जन्माला आला, आणि तेव्हापासून तो या तिन्ही बेटांवर हक्क सांगत आहे. बेटे चिमुकली असली तरी तेलवाहू जहाजांचे मार्ग त्यांच्या जवळून जातात.

आटापिटा का, या प्रश्नाचे उत्तर यातच आहे असे मला वाटते. बेटे, तेलक्षेत्रे आणि जलमार्ग यांवर थेट बोलणी अडली, की दोन्ही बाजू नावातून आपला मान मोजू लागतात. व्हिएतनाम ज्याला पूर्व समुद्र म्हणतो, त्या दक्षिण चिनी समुद्राच्या आपल्या भागाला फिलिपिन्सने २०१२ मध्ये पश्चिम फिलिपाइन समुद्र असे अधिकृत नाव दिले. जपानच्या समुद्राला कोरिया पूर्व समुद्र म्हणतो, आणि तो वाद न मिटल्याने जलसर्वेक्षण संघटनेने २०२० मध्ये समुद्रांना नावांऐवजी क्रमांक देणारी नवी संगणकीय पद्धत स्वीकारण्याचा निर्णय घेतला. यंत्रासाठी क्रमांक पुरेसा आहे. वाचणाऱ्या माणसासाठी तो पुरेसा नाही.

प्रश्न : आमचे आजोबा नाशिक रोडच्या छापखान्यात नोकरीला होते. आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या जात, असे ते सांगत. हे खरे आहे का? (एक वाचक, जेल रोड)

उत्तर : होय, आणि आपल्या शहराचा या समुद्राशी असलेला हा सर्वांत थेट संबंध असावा. कुवेत, बहरीन, कतार, ओमान आणि आजच्या अमिरातीत तेव्हा भारतीय रुपयाच चलन म्हणून चालत असे, कारण मोत्यांचा, धान्याचा आणि कापडाचा व्यापार मुंबईशी बांधलेला होता. सोन्याच्या चोरट्या व्यापारासाठी भारतातून नोटा तिकडे नेल्या जात आणि त्या परत येताना भारताला स्टर्लिंगमध्ये, म्हणजे ब्रिटिश पौंडांत, मोबदला द्यावा लागे. ही गळती थांबवण्यासाठी १९५९ मध्ये कायदा करून रिझर्व्ह बँकेने केवळ आखातात चालतील अशा वेगळ्या नोटा काढल्या. मांडणी भारतीय नोटेसारखीच होती, परंतु रंग वेगळा आणि क्रमांकाआधी इंग्रजी झेड हे अक्षर. त्या काळी भारताच्या नोटा नाशिक रोडलाच छापल्या जात. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला; भारताने ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन केल्यावर कतार आणि अमिरातींनीही या नोटा सोडल्या, आणि ओमानमध्ये त्या १९७० पर्यंत चालल्या. आजोबांनी एखादी जुनी नोट जपून ठेवली असेल, तर ती प्लास्टिकमध्ये चिकटवू नका, कोऱ्या कागदात ठेवा.

प्रश्न : आम्ही दुबईला कांदा पाठवतो. आमच्या माहितीपत्रकातील नकाशावर 'पर्शियन आखात' असे छापले होते, त्याला तेथील ग्राहकाने हरकत घेतली. काय छापावे? आणि होर्मुझमध्ये तणाव असेल, तेव्हा माल दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो का? (एक निर्यातदार, लासलगाव)

उत्तर : माहितीपत्रक म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. त्यात तुम्हाला बंदरे दाखवायची आहेत, समुद्राचे नाव ठरवायचे नाही. न्हावा शेवा, जबल अली, दोहा, शुवैख अशी बंदरांची नावे ठळक छापा आणि पाण्यावर काहीही लिहू नका. एका ग्राहकासाठी 'अरबी आखात' छापले, तर तेच पत्रक उद्या इराणमधील बंदर अब्बासच्या व्यापाऱ्याच्या हाती पडून तेथे अडचण होईल. जहाजाच्या कागदपत्रांत बंदर आणि देश एवढेच लागते.

मार्गाविषयी सांगायचे, तर दुबईचे जबल अली बंदर आखाताच्या आत असल्याने तेथे जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरला होर्मुझ ओलांडावेच लागते. फुजैरा आणि शारजाचे खोर फक्कान ही बंदरे मात्र ओमानच्या आखातावर, म्हणजे सामुद्रधुनीच्या बाहेर आहेत. तेथे उतरवलेला माल हजर पर्वत ओलांडून ट्रकने दुबईच्या बाजारात नेता येतो. ओमानचे सोहार बंदरही बाहेरच आहे, पण तेथून अमिरातीत येताना सीमेवरची तपासणी वाढते. अबू धाबीने २०१२ मध्ये हबशान ते फुजैरा अशी तेलवाहिनी याच कारणासाठी सुरू केली. कुवेत, बहरीन आणि कतार यांच्या बंदरांना असा बाहेरचा किनाराच नाही, म्हणून तेथील सौदा करताना उशीर झाल्यास भाडे आणि नासाडी कोणाकडे, हे कलम आधीच लिहून घ्या. उन्हाळ कांदा थोडा उशीर सोसतो. लाल कांदा सोसत नाही.